रहस्यमालिका आणि जिज्ञासा

रहस्यकथेंत मन गुंतणें हा दोष नव्हे. पडद्याआड काय आहे हें जाणण्याची इच्छा हीच विद्येची जननी होय. मात्र त्या इच्छेच्या पदरीं उत्तर पडावें कीं केवळ भय, हा आमचा प्रश्न आहे.

झी मराठी वाहिनीवर फेब्रुवारी २०१६ मध्यें ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. सावंतवाडीजवळील आकेरी गांवच्या एका वाड्यांत तिचें चित्रीकरण झालें. पहिल्याच भागांत घरचे कर्ते अण्णा नाईक मरण पावतात आणि विखुरलेलें कुटुंब वाड्यांत एकत्र येतें. या मृत्यूमागें काय असावें, असा रास्त प्रश्न मनांत उभा राहतो. हा प्रारंभ आम्हांस उत्तम वाटतो.

परंतु दैनंदिन मालिकेची रीतच अशी कीं, प्रत्येक भाग ऐन भयाच्या क्षणीं थांबवावयाचा व उत्तर उद्यांवर ढकलावयाचें. असें महिनोन्‌महिने चाललें म्हणजे प्रश्न विरतो, भय तेवढें उरतें. आणि तेंच उशाशीं घेऊन मुलें निजतात. महाराष्ट्रानें २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा केला खरा. पण मनांतील भुतास कायदा कोठून पकडणार?

दौलताबादच्या किल्ल्यांतील अंधाऱ्या भुयारांत शिरतांना कोणाचें ऊर धडधडत नाहीं? तथापि शत्रूची वाट चुकविण्यासाठीं माणसांनींच तें रचलें, हें कळतांच भय जाऊन नवल उरतें.

विद्यार्थिमित्रहो, अशा मालिका खुशाल पाहा; मात्र निजण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांस ‘हें कसें घडलें असेल?’ एवढें अवश्य विचारा.