संगणक जुळवितांना : शक्ति आणि स्मृति

आमच्या वर्धा जिल्ह्यांत संगणक ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. हिंगणघाट, आर्वी, पुलगांव येथील कित्येक घरांत तो आहे, व ज्यांच्या घरीं नाहीं तेहि तो घेण्याचा विचार करीत आहेत. तयार बांधणीचा संगणक घेण्याऐवजीं निरनिराळे भाग निवडून तो जुळवून घेणें पुष्कळांस सोयीचें वाटतें. बाजारांत अशा यंत्रास 'असेंबल्ड' म्हणतात. नागपुरास सीताबर्डीवर जावें, दोनचार दुकानांत भाव काढावे, आणि संध्याकाळच्या गाडीनें खोकीं घेऊन परतावें, असा हा क्रम असतो. या खरेदींत प्रोसेसर कोणता, पडदा किती इंचांचा, कॅबिनेटला कांच व रंगीत दिवे आहेत कीं नाहींत, हे प्रश्न हटकून विचारले जातात. परंतु यंत्रास वीज पुरविणारी पेटी कशी आहे व स्मृतीच्या पट्ट्या कोणत्या आहेत, याची चौकशी फार थोडे करितात. आमचें म्हणणें असें आहे कीं, विचारास प्रारंभ याच दोन गोष्टींपासून व्हावा.

प्रथम वीजपेटीचें कार्य काय तें पाहूं. घरांतील वीज २३० व्होल्ट दाबाची व सेकंदास ५० आवर्तनें करणारी असते. संगणकाच्या भागांस मात्र १२, ५ व ३.३ व्होल्टांची, एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. हा पालट जी पेटी करिते तिला दुकानांत 'एस. एम. पी. एस.' म्हणतात. यंत्राचा प्रत्येक भाग तिच्याच हातचें अन्न खातो. दुसरा एखादा भाग बिघडला तर बहुधा तो एकटाच जातो. ही पेटी वाईट रीतीनें बिघडली तर ती शेजाऱ्यांसहि बरोबर नेते.

आमच्या माहितीच्या एका शेतकरी कुटुंबानें कापसाच्या पैशांतून मुलीच्या शिक्षणाकरितां संगणक जुळवून घेतला. प्रोसेसर उत्तम होता, पडदा मोठा होता. पैसे संपत आले तेव्हां दुकानदारानें कॅबिनेटबरोबर वीजपेटी 'फुकट' दिली. पुढल्या वैशाखांत एके दुपारीं ती जळाली व तिच्याबरोबर मदरबोर्डहि गेला. पावती पाहतां पेटीचें नांव नव्हतें, क्रमांक नव्हता, आणि म्हणून हमीहि नव्हती. मुलीच्या प्रवेशपरीक्षेस त्या वेळीं तीन आठवडे उरले होते. ज्या घरांत अशी खरेदी दहा वर्षांतून एकदां होते, तेथें हा तोटा केवळ कांहीं हजार रुपयांचा नसतो.

मग चांगली पेटी ओळखावी कशी? पेटीवर ४५० किंवा ५०० वॉट असा मोठा आकडा छापलेला असतो. तेथेंच न थांबतां बाजूचें बारीक कोष्टक वाचावें. आजच्या संगणकाचा बहुतेक भार १२ व्होल्टांच्या ओळीवर पडतो. व्होल्टांस अँपिअरनीं गुणिलें म्हणजे वॉट निघतात, हें आपण पदार्थविज्ञानांत शिकलोंच आहों. ज्या पेटीवर ४५० लिहिलें आहे, पण १२ व्होल्टांपुढें १६ अँपिअर आहेत, ती त्या ओळीवर १९२ वॉटच देते. खऱ्या ४५० वॉटांच्या पेटीवर तेथें ३६ अँपिअरांच्या आसपासचा आकडा आढळतो. दुसरें, तीवर १०० ते २४० व्होल्ट असें लिहिलें आहे कीं २०० ते २४०, हें पाहावें. रब्बीच्या दिवसांत शेतांतील पंप सुरू झाले म्हणजे खेड्यांतील दाब उतरतो. तेथें पहिल्या प्रकारची पेटी तग धरिते. तिसरें, हमी किती वर्षांची आहे तें विचारावें. जो कारखानदार पांच वर्षांची हमी लिहून देतो, त्यानें आंत कांहीं तरी बरें घातलेलें असण्याचा संभव अधिक असतो.

वॉट किती असावे, याविषयींहि दोन्ही बाजूंनीं अतिरेक होतो. निराळें ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या संगणकास भर कामांतहि बहुधा १५० वॉटांहून अधिक लागत नाहींत. त्यास चांगली ४५० वॉटांची पेटी भरपूर झाली. मध्यम प्रतीचें कार्ड घालावयाचें असेल तर ५५० ते ६५० पुरे. केवळ मोठेपणासाठीं ८५० ची पेटी घेणें म्हणजे चौघांच्या स्वयंपाकास पंक्तीची कढई चढविणें होय.

पेट्यांवर 'एटी प्लस' असें एक चिन्ह असतें. ही योजना २००४ सालीं निघाली. घेतलेल्या विजेपैकीं किती वीज कामास येते, हें तें चिन्ह सांगतें. ब्राँझ, गोल्ड इत्यादि त्याच्या चढत्या पायऱ्या आहेत. समजा, संगणकास २०० वॉट हवे आहेत. शेंकडा ८० गुणाची पेटी त्यासाठीं भिंतींतून २५० वॉट घेईल व ५० वॉट उष्णतेंत घालवील. शेंकडा ९० गुणाची पेटी सुमारें २२२ घेईल. रोज सहा तास काम धरलें तर महिन्याला फरक पांच युनिटांचा पडतो. पैशांच्या दृष्टीनें ही बचत लहानच आहे. परंतु तितकी उष्णता पेटींत कमी सांठते, हा लाभ लहान नाहीं. मात्र हें चिन्ह काटकसरीचें आहे, सुरक्षिततेचें नव्हे, हें विसरूं नये.

उष्णतेचा मुद्दा आमच्या जिल्ह्यास विशेष लागू पडतो. येथें वैशाख-ज्येष्ठांत पारा ४५ अंशांवर जातो. कित्येक पेट्यांची शक्ति २५ अंशांच्या हवेंत मोजलेली असते, तर चांगल्या पेट्यांची ४० किंवा ५० अंशांत. आंतील संधारित्रांचें आयुष्य दर १० अंश उष्णतेमागें साधारण निम्म्यावर येतें, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून १०५ अंशांचे संधारित्र असलेली पेटी घ्यावी, व संगणक पश्चिमेच्या भिंतीस लावून ठेवूं नये. पेटी उघडून पाहण्याचा मोह मात्र कोणीं धरूं नये. वीज बंद केल्यावरहि आंत ३०० व्होल्टांहून अधिक दाब कांहीं काळ राहूं शकतो.

येथेंच दोन घरगुती गोष्टी सांगून ठेवतों. आमची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते व कोरडी पडते. तेव्हां अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालीत जावें, नाहीं तर उत्तम पेटीचें संरक्षणहि अपुरें पडतें. दुसरें असें कीं, वीज गेल्यावर चांगली पेटी पोटांतील साठ्यावर सुमारें १६ सहस्रांश सेकंद यंत्र चालविते. तेवढ्यांत यू. पी. एस. नें किंवा इन्व्हर्टरनें भार उचलला पाहिजे. घरगुती इन्व्हर्टरवर पंख्यांकरितां एक व संगणकाकरितां एक अशी निराळी योजना पुष्कळदां असते. ती योग्य बाजूस लावलेली आहे कीं नाहीं तें पाहावें.

हे सहस्रांश सेकंद इतके महत्त्वाचे कां, हें स्मृतीकडे वळतांच कळतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० सालीं कार्यान्वित झाला. त्यांत २,७०० निर्वात नळ्या होत्या, व त्याची स्मृति ४० अंकी २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापानें १० किलोबाइटांची होती. आज बोटभर रुंदीची ८ जी. बी. ची पट्टी तिच्या ८ लाखांहून अधिक पट सांठविते. परंतु एका बाबतींत ती जुनी स्मृति सरस होती. ती फेराइटच्या बारीक कड्यांची असल्यामुळें वीज गेली तरी विसरत नसे. आजच्या रॅममध्यें प्रत्येक कण म्हणजे विजेचा सूक्ष्म थेंब असतो. तो गळत राहतो, व साधारणतः दर ६४ सहस्रांश सेकंदांत त्याची उजळणी करावी लागते. पाढ्यांची उजळणी चुकली तर मूल विसरतें. येथें तर वीज चुकली कीं सारें पाठांतर पुसलें जातें. म्हणून शक्ति आणि स्मृति यांचा विचार आम्हीं एकत्र केला आहे.

स्मृति किती घ्यावी? पत्रें व हिशेब लिहिण्यास ८ जी. बी. वर कसेंबसें भागतें. विद्यार्थ्याच्या सर्वसाधारण कामास १६ असावी. चित्रपट जोडणें, नकाशे किंवा मोठे आराखडे काढणें असा उद्योग असेल तर ३२ घ्यावी. १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षां ८ च्या दोन घेतल्यास प्रोसेसरास दोन वाटांनीं माल मिळतो व काम झपाट्यानें होतें. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रांत हा फरक अधिक दिसतो. चार खांचांचा मदरबोर्ड असेल तर दोन खांचा पुढील वाढीकरितां मोकळ्या राहतात. डीडीआर ४ व डीडीआर ५ या दोन्ही पट्ट्यांस २८८ टोकें असतात, तरी त्यांची खांच निराळी असल्यामुळें एक दुसरीच्या जागीं बसत नाहीं. मदरबोर्ड कोणत्या जातीचा आहे हें आधीं पाहावें.

गतीच्या आंकड्यांनींहि दिपून जाऊं नये. ३२०० गतीची व १६ विलंबांकाची डीडीआर ४ आणि ६००० गतीची व ३० विलंबांकाची डीडीआर ५ या दोहींत पहिलें अक्षर हातीं येण्यास १० अब्जांश सेकंदच लागतात. नवीन जातीचा लाभ त्यामागून येणाऱ्या प्रवाहांत आहे. शिवाय जाहीर केलेली गति कित्येकदां आपोआप मिळत नाहीं. ती यंत्राच्या मूळ मांडणींत, म्हणजे बायॉसमध्यें, जाऊन चालू करावी लागते. पट्ट्या बसविल्यावर 'मेमटेस्ट' हा कार्यक्रम एक रात्र चालवून पाहावा. एखादा दोष निघालाच तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं तो कळलेला बरा. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडून मागणी वाढून रॅमचे भाव जगभर झपाट्यानें चढले. अशा वेळीं गरजेपुरती स्मृति घेऊन खांच मोकळी ठेवणें हें अधिकच शहाणपणाचें ठरतें.

यावर कोणी म्हणेल कीं, इतकी यातायात कशाला, तयार संगणक घ्यावा. ज्यांस चौकशीस वेळ नाहीं त्यांनीं तसें अवश्य करावें. परंतु जुळवून घेतलेल्या यंत्राचा एक भाग बिघडला तर तो एकच बदलतां येतो, आणि तो कां बिघडला हें मालकास कळतें. भाग जुळवून यंत्र उभारण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. आमच्याच वऱ्हाडांतील अकोला जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला, तो बाजारांत मिळणारे पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जोडूनच.

वर्ध्याच्या मगनवाडींतील संग्रहालय आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलेलें आहे. १९३८ सालीं तें उघडलें. तेथील चरखे पाहतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९२९ सालीं अखिल भारतीय चरखा संघानें सुधारलेल्या चरख्याकरितां एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. त्याच्या अटींत चरख्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, व वेळच्या वेळीं देखभाल केल्यास तो निदान २० वर्षें चालावा, असें होतें. तें बक्षीस कोणासहि मिळालें नाहीं. पण यंत्राकडून काय हवें तें आधीं लिहून काढावें, किंमत आणि टिकाऊपणा यांची मर्यादा आधीं ठरवावी, आणि मग कारागिराकडे जावें, ही त्यामागची रीत आजहि सोडण्याजोगी नाहीं.

तेव्हां आमची पालकांस व विद्यार्थ्यांस सूचना इतकीच आहे. घरूनच कागदावर लिहून निघावें : काम कोणतें, वॉट किती, १२ व्होल्टांवर अँपिअर किती, स्मृति किती व कोणत्या जातीची. दुकानांत पैसे कमी पडले तर पडदा दोन इंच लहान घ्यावा, रंगीत दिवे सोडावे, कांचेचें कॅबिनेट सोडावें; वीजपेटींत मात्र कपात करूं नये. पावतीवर पेटीचें व पट्ट्यांचें नांव, क्रमांक व हमीची मुदत लिहून घेतल्यावांचून दुकानाबाहेर पडूं नये. आणि आमच्या शिक्षकबंधूंस विनंति अशी कीं, वॉट, व्होल्ट व अँपिअर यांचा धडा शिकवितांना फळ्यावरील उदाहरणाबरोबर एखाद्या वीजपेटीवरील कोष्टकहि वर्गांत वाचून दाखवावें. बापाच्या कष्टाचा पैसा घेऊन जेव्हां मुलगा किंवा मुलगी त्या दुकानांत उभी राहील, तेव्हां तो धडा तिच्या उपयोगीं पडेल.