एस्टोनिया : भाषेने तारलेले राष्ट्र

बाल्टिक समुद्राच्या काठावरील एस्टोनिया या चिमुकल्या देशात सप्टेंबर २०२४ पासून रशियन माध्यमाच्या शाळांचे एस्टोनियन माध्यमात रूपांतर सुरू झाले आहे. बालवाड्या तसेच पहिली व चौथीच्या वर्गांपासून आरंभ झाला असून २०३० पर्यंत हा बदल पूर्ण करण्याचा शासनाचा मानस आहे. चौदा लाखांहूनही कमी लोकवस्तीच्या या राष्ट्राने भाषेसाठी एवढा आग्रह का धरावा, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे.

इ.स. १२१५ मध्ये पोप इनोसंट तिसरे यांच्या काळात ही भूमी पवित्र मरियेला समर्पित झाली. ‘टेरा मारियाना’ हे तिचे नाव तेव्हापासूनचे. परंतु तेथे सुवार्तेबरोबर धर्मयोद्ध्यांची तलवारही आली, हे कटू सत्य आपण नाकारू शकत नाही. पुढे जर्मन, डॅनिश, स्वीडिश व रशियन सत्ता आल्या आणि गेल्या. जमीन मात्र मुख्यत्वे जर्मन सरदारांकडे राहिली आणि तिच्यावर राबणारा मूळ रहिवासी भूदास झाला. ही भूदासता १८१६ व १८१९ च्या कायद्यांनी संपली. तोवर हे लोक स्वतःला ‘माराह्वस’, म्हणजे भूमीचे लोक, एवढेच म्हणवीत.

त्यांच्यापाशी स्वतःची म्हणावी अशी एकच संपत्ती होती : भाषा. ती फिनिश भाषेची सख्खी बहीण आणि हंगेरियनची दूरची नातलग. तिच्यात चौदा विभक्ती आहेत, पण व्याकरणिक लिंग नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम. भविष्यकाळाचे स्वतंत्र रूपही नाही. लुथरन धर्मगुरूंनी १५३५ मध्ये या भाषेत धर्मशिक्षणाचे पुस्तक छापले, १७३९ मध्ये संपूर्ण बायबल आले आणि शेतकऱ्याच्या झोपडीत वाचन पोहोचले. १८६९ मध्ये तार्तू येथे पहिला गीतमहोत्सव भरला. एरवी मितभाषी, संकोची व हट्टी म्हणून ओळखला जाणारा हा समाज समूहगानात मात्र मोकळा होतो.

१९१८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, १९४० मध्ये सोव्हिएत संघाने ते हिरावले. १९४१ च्या जूनमध्ये सुमारे दहा हजार आणि १९४९ च्या मार्चमध्ये सुमारे वीस हजार माणसे हद्दपार झाली. कारखान्यांसाठी बाहेरून कामगार आणले गेले. १९३४ मध्ये लोकसंख्येत ८८ टक्के असलेले एस्टोनियन १९८९ मध्ये जेमतेम ६२ टक्के उरले. तरीही या वेळी त्यांनी शस्त्र उचलले नाही. १९८८ च्या उन्हाळ्यात ते मैदानांत जमून गायिले आणि १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाले.

आपल्याच देशात अल्पसंख्य होण्याचे भय ज्यांनी अनुभवले, त्यांचा भाषेचा आग्रह आम्हांला समजतो. युक्रेन युद्धाने हे भय पुन्हा जागे केले असून मार्च २०२५ च्या घटनादुरुस्तीने रशियन नागरिकांचा स्थानिक निवडणुकांतील मताधिकारही काढून घेतला. तथापि आज वर्गात बसलेल्या रशियनभाषक बालकाने कोणालाही हद्दपार केलेले नाही. एस्टोनियन भाषा आल्याने त्याच्यासाठी उच्च शिक्षण व नोकरीची दारे उघडतील. पण पुरेसे शिक्षक आणि धीर न देता ती लादली, तर तेच बालक मागे पडेल. जखमी राष्ट्राच्या न्यायबुद्धीची कसोटी येथेच आहे.

या प्रसंगी येशूसंघीय आर्चबिशप एडुआर्ड प्रॉफिटलिख यांचे स्मरण उचित ठरते. जन्माने जर्मन असलेल्या या धर्मगुरूंनी एस्टोनियन भाषा शिकून १९३५ मध्ये तेथील नागरिकत्व स्वीकारले. १९४१ मध्ये मायदेशी परतण्याची वाट खुली असतानाही ते आपल्या मूठभर कळपासोबत राहिले. २२ फेब्रुवारी १९४२ रोजी किरोवच्या तुरुंगात त्यांचे निधन झाले. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तालिन येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. आदल्याच वर्षी तालिन हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला होता. तेथील कॅथेड्रलमध्ये एस्टोनियन आणि रशियन अशा दोन्ही भाषांत मिस्सा होते.

कोणत्याही राष्ट्राचे आपलेपण केवळ रक्ताने ठरत नाही, भाषा शिकण्याच्या आणि सोबत राहण्याच्या निर्धारानेही ते मिळते, हे त्या परदेशी मेंढपाळाने दाखविले. नवागताने भाषा शिकावी आणि यजमानाने त्याला आपला मानावे. एस्टोनियाचे उद्याचे स्वास्थ्य या दोन्ही गोष्टींवर अवलंबून आहे.