लाभ देशाचा, भार कोणाचा?

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. तत्पूर्वी सप्टेंबर २०२४ मध्ये हेच शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेण्यात आले होते. ग्राहकाला स्वस्त तेल की सोयाबीन उत्पादकाला संरक्षण, या ओढाताणीत दोन्ही पक्ष अर्थशास्त्राला साक्षीस बोलावतात. ते शास्त्र नेमके काय सांगते, हे म्हणूनच तपासून पाहणे अगत्याचे आहे.

डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली मांडलेला तुलनात्मक खर्चाचा सिद्धान्त या वादाच्या मुळाशी आहे. त्यांच्या उदाहरणात ठरावीक कापडासाठी इंग्लंडमध्ये १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक मद्यासाठी १२० माणसांचे. पोर्तुगालमध्ये त्यासाठी अनुक्रमे ९० व ८० माणसे पुरतात. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही व्यापार उभयतांच्या हिताचा ठरतो. दोन्ही वस्तू आपापल्या घरीच केल्यास एकूण ३९० माणसांचे श्रम खर्ची पडतात. इंग्लंडने केवळ कापड आणि पोर्तुगालने केवळ मद्य दुप्पट करून अदलाबदल केली, तर तेवढाच माल ३६० माणसांत मिळतो. एकास एक या दराने इंग्लंडचे २० आणि पोर्तुगालचे १० माणसांचे श्रम वाचतात. सरस कोण, याला येथे महत्त्व नाही. कोण कशात अधिक सरस, याला आहे.

हे गणित बिनतोड आहे. परंतु ते देशाचे गणित आहे, माणसांचे नव्हे. पोर्तुगालच्या ज्या विणकराचा माग बंद पडेल, तो उद्या द्राक्षमळ्यात रुजू होईल, असे त्यात गृहीत धरलेले असते. निकोलस कॅल्डॉर यांनी १९३९ साली भरपाईची कसोटी मांडली : लाभ झालेल्यांनी नुकसान सोसणाऱ्यांची भरपाई करूनही काही शिल्लक राहत असेल, तर बदल इष्ट. मात्र भरपाई करणे शक्य असणे आणि ती प्रत्यक्ष होणे, यांत मोठे अंतर असते.

भारताची खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीतून भागते. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून येते. तेथे पामच्या एका हेक्टरातून सोयाबीनच्या कित्येक पट तेल निघते. ही आयात बंद करणे शहाणपणाचे नाही. उलट, केवळ शुल्क वाढवून शेतकरी तरतो, हाही भ्रमच आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता; शुल्क चढे असतानाही मराठवाड्या-विदर्भाच्या अनेक बाजारांत दर त्याखालीच राहिले. कारण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम पाचवा हिस्सा. उरलेल्या पेंडीचा भाव पडला की तेलावरील शुल्क अपुरे पडते.

तेव्हा आयातीचा लाभ घ्यावा, पण त्यातील वाटा भार सोसणाऱ्यापर्यंत पोहोचवावा. जाहीर हमीभावाने प्रत्यक्ष व वेळेवर खरेदी, किंवा भावातील फरक थेट खात्यावर, हे त्याचे मार्ग होत. शुल्काचे धोरणही पेरणीपूर्वी ठरावे आणि हंगामभर टिकावे. एवढे न करता सिद्धान्ताचा दाखला देणे म्हणजे बेरीज दाखवून वजाबाकी लपविणे होय.