खलाशांचा तुटवडा आणि स्वयंचलित जहाज

अमेरिकी आरमाराने फेब्रुवारी 2023 मध्ये ‘अपालाचिकोला’ हे जलद वाहतूक जहाज ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्या वेगापेक्षा त्याच्या सुकाणूचीच चर्चा अधिक झाली. अलाबामा राज्यातील ऑस्टल कंपनीच्या गोदीत बांधलेले हे अ‍ॅल्युमिनियमचे जहाज 103 मीटर लांब आहे. सुमारे 600 टन लष्करी सामग्री वाहून नेण्याची त्याची क्षमता असून वेग ताशी 35 सागरी मैल आहे. उथळ बंदरांतही त्यास शिरता येते. (ज्या कॅटमरान पद्धतीवर ते बेतले आहे, तो शब्द मुळात तमीळ कोळ्यांच्या तराफ्याचा, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) मात्र याच वर्गातील आधीच्या 12 जहाजांत नसलेली सोय यात आहे. मार्गक्रमण, समोरचे जहाज चुकविणे आणि यंत्रांवरील देखरेख ही कामे 30 दिवसांपर्यंत मानवी हस्तक्षेपावाचून चालावीत, अशी ही योजना आहे. त्यासाठी 2021 साली सुमारे 4 कोटी 40 लाख डॉलरचे कंत्राट देण्यात आले.

आता खलाशांकडे वळू. या वर्गाच्या जहाजावर मुळात खलाशी असतात ते साधारण 26. आणि तेही नौसैनिक नव्हेत, तर मिलिटरी सीलिफ्ट कमांडचे मुलकी नोकर. याच खलाशांच्या तुटवड्यामुळे 17 जहाजे बाजूस काढून ठेवण्याची योजना 2024 साली पुढे आली. त्यांपैकी 12 जहाजे याच जलद वर्गातील होती! जहाजे बांधून तयार, पण चालविण्यास माणसे नाहीत, असा हा प्रकार आहे.

श्रमांचा तुटवडा पडला की यंत्र आणावे, हा विचार नवा नाही. परंतु तुटवडा कशामुळे पडला, हे आधी पाहावयास नको काय? चार चार महिने समुद्रावर, वर बदली माणूस न आल्याने लांबलेली पाळी आणि घरी जेमतेम महिनाभराची रजा, अशा अटींवर कुशल माणूस टिकत नाही. घरातले कोणी बोटीवर असलेल्या कोकणातील कुटुंबांना हे समजावून सांगावे लागणार नाही. येथे उणीव माणसांची नसून नोकरीच्या अटींची आहे.

प्रायोगिक जहाजाचा खर्च एकाच जहाजाच्या पगारपत्रकाशी ताडणे अन्यायाचे होईल, हे मान्य. शत्रूच्या माऱ्यात रसद पोचविताना माणसांचे प्राण वाचतील, हा युक्तिवादही वजनदार आहे. पण सैनिक वाहून नेणाऱ्या जहाजास तो अर्धाच लागू पडतो. सुकाणूवरचा माणूस उतरला, तरी आसनांवरचे तीनशे जवान बोटीवर राहतातच.

शिवाय 30 दिवस सरल्यावर तेल बदलणे, पंप उघडणे, गंज काढणे ही कामे कोणाला तरी करावीच लागणार. ती बंदरात होतील, म्हणजे खलाशाचे काम गोदीतील कारागिराकडे जाईल. आणि अमेरिकेच्या गोद्यांतही कुशल कारागिरांची टंचाई आहेच.