भांदकचा इतिहास लेण्यांपाशी संपत नाही

१/ भद्रावती म्हणजे जुने भांदक. विजासनची बौद्ध लेणी, भद्रनागाचे मंदिर आणि तळ्यातील दगडी पूल पाहून इतिहासप्रेमी परततात. या भूमीचा कोळशाचा इतिहास मात्र कोणी वाचत नाही. तो वाचलाच पाहिजे, कारण तो अजून वाहतो आहे.

२/ १८७०च्या दशकात इंग्रज सरकारने शेजारच्या वरोऱ्यात कोळशाची खाण काढली. १८७७ मध्ये वर्ध्याहून तिच्यासाठी लोहमार्ग आला. १९०६ मध्ये खाण बंद झाली. पुढे १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स. मालक बदलले, ‘कोळसा संपला की खाण संपली’ ही समजूत तशीच राहिली.

३/ ही समजूत घातक आहे. खाण चालू असते तोवर पंप पाणी उपसत राहतात. पंप थांबले की पाणी जुन्या बोगद्यांतून वर चढते आणि उघड्या पडलेल्या खडकांतील क्षार व धातू विरघळवून घेते. कोळशात लोहमाक्षिक असेल तर हवा-पाण्याच्या संयोगाने गंधकाम्ल तयार होते. पाणी आम्लयुक्त नसले तरी त्यात लोह आणि सल्फेट असू शकते.

४/ यावर आपल्याकडचा नेहमीचा उपाय म्हणजे गाळ बसवण्याचा एक खड्डा! त्यात तरंगता गाळ बसतो, विरघळलेले सल्फेट नाही. शिवाय खड्डा गाळाने भरत गेला की पाणी थांबण्याचा काळ घटतो आणि ते आले तसेच नाल्यात जाते.

५/ सुधारणा अवघड नाही. पाणी पायऱ्यांवरून पाडून त्यात हवा मिसळावी, म्हणजे लोह गंजासारखे खाली बसते. आम्ल असल्यास चुनखडी द्यावी. एकाऐवजी तळ्यांची मालिका करावी, शेवटी पाणकणसाची दलदल राखावी. सल्फेटसाठी जिवाणू पोसणारा सेंद्रिय थर लागतो.

६/ ज्या ब्रिटनने वरोऱ्याची खाण काढली, त्याने स्वतःच्या घरी १९९४ मध्ये कोळसा प्राधिकरण स्थापले. जुन्या खाणींच्या पाण्यासाठी तिथे अशीच तळी आणि बोरूबने आज चालवली जातात. तिथे जे कर्तव्य, ते इथे चैन कसे?

७/ ‘खर्च कोण करणार?’ २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खाणबंदीसाठी निधी राखून ठेवणे बंधनकारक केले. पण बंदीचा दाखला मिळाला म्हणून पाणी वाहायचे थांबत नाही. तळ्याची देखभालही थांबता कामा नये.

८/ गाळ न काढलेले तळे मरते, हे तळ्यांच्या या मुलखाला शिकवावे लागत नाही. म्हणून मागणी साधी आहे: प्रत्येक बंद खाणीच्या पाण्याची तपासणी जाहीर करा आणि तळ्याचा गाळ कोण, केव्हा काढणार हे लिहून द्या. लेण्यांच्या संवर्धनासाठी आवाज उठवणाऱ्यांनी हेही मागावे.