आरोग्यचिंतन : मुतखड्याचा शोध



कमरेच्या एका बाजूस अकस्मात कळ उठावी, ती जांघेपर्यंत उतरावी आणि रुग्णास कोणत्याही कुशीवर चैन पडू नये, अशा वेळी डॉक्टरांस मुतखड्याची शंका येते. तपासणीची चिठ्ठी हाती पडताच घरात प्रश्न उभा राहतो : साधा फोटो पुरे, सोनोग्राफी करावी, की कर्ज काढून सीटी स्कॅनच करून घ्यावा?

रंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले. त्यांच्या साहाय्याने घेतलेल्या साध्या फोटोत कॅल्शियमचे खडे बहुधा पांढरे दिसतात. युरिक आम्लाचे मात्र दिसत नाहीत. फोटो स्वच्छ आला म्हणून खडा नाहीच, असे समजणे चूक होय. शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन मूत्रमार्ग उजळून पाहण्याची रीत १९२९ पासून रूढ झाली. ‘आयव्हीपी’ ती हीच. आता ती क्वचितच करतात.

सोनोग्राफीत किरण नसतात, केवळ ध्वनिलहरी असतात. म्हणून मुलांसाठी व गर्भवतींसाठी प्रथम हीच. मूत्रपिंडास आलेली सूज तीत चांगली कळते. परंतु आतड्यातील वायूमुळे मूत्रवाहिनीचा मधला भाग झाकला जातो. पाणी पाजून तासभर ताटकळत ठेवतात, याचा पुष्कळांना राग येतो. पण भरलेले मूत्राशय ही ध्वनिलहरींना आत डोकावण्याची खिडकीच असते.

सीटी स्कॅन अचूकतेत सर्वांच्या पुढे. युरिक आम्लाचा खडाही त्यात दिसतो आणि केवळ खडा शोधावयाचा तर औषध टोचावे लागत नाही. मात्र किरणांची मात्रा व खर्च दोन्ही अधिक. अमेरिकेत २,७५९ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आरंभी सोनोग्राफी केलेल्यांपैकी काहींना पुढे स्कॅन करावा लागला खरा, तथापि गंभीर अपाय त्यांच्यात अधिक आढळले नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी प्रथम सोनोग्राफी सुचविली, तर ती गरिबाची तपासणी म्हणून नाक मुरडू नये.

दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा रुग्णास एकच मूत्रपिंड असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अडलेल्या मूत्रात जंतू वाढले की प्राणावर बेतते.

भगिनींनी दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी ती क्ष-किरणांपूर्वी सांगावी. सासूबाईंसमोर संकोच वाटल्यास परिचारिकेच्या कानात सांगावी. औषध टोचणार असतील, तर पूर्वी आलेली पित्ताची गांधी, मूत्रपिंडाचा विकार व मधुमेहाच्या गोळ्या यांचा उल्लेख अवश्य करावा. जुने फोटो व अहवालही सोबत न्यावेत; खडा सरकला की वाढला, हे त्यांच्याशी ताडून पाहता येते.