विश्लेषण : परदेशातून कायमचे परतताना तारीख इतकी महत्त्वाची का?

न्यू जर्सीत मध्यरात्री फोन वाजतो. सांगलीत सकाळी वडील न्हाणीघरात घसरून पडलेले असतात. बारा वर्षे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत लांबवलेला निर्णय मग आठ दिवसांत घेतला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावल्यानंतर या चर्चेला आणखी धार आली आहे. परतण्याचे कारण भावनिक असले, तरी परतण्याची तारीख कर, मुलांचे शिक्षण आणि विमा या तिन्हींवर परिणाम करते.

करासाठी ‘निवासी’ कोण?

प्राप्तिकराचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहणारी व्यक्ती ‘निवासी’ ठरते. वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस, असा दुसराही निकष आहे. पण दरवर्षी तीन-चार आठवडे सुट्टीवर येणाऱ्यांना तो सहसा लागू होत नाही. म्हणजे लीप वर्ष नसल्यास १ ऑक्टोबरला उतरणारा मार्चअखेर निवासी ठरतो, २ ऑक्टोबरला उतरणारा अनिवासीच राहतो. मात्र त्याच वर्षी मे महिन्यात लग्नासाठी येऊन काढलेले दहा दिवसही या हिशेबात धरले जातात.

एका दिवसाने काय बिघडते?

मागील दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्यांना परतल्यावर साधारण दोन ते तीन वर्षे मधला दर्जा मिळतो. या काळात परदेशातील घराचे भाडे, व्याज किंवा शेअर विक्रीचा नफा यांवर भारतात कर लागत नाही. उतरण्याची तारीख बदलली तर ही मुदत वर्षभराने पुढे सरकू शकते. मुदत संपल्यावर जगभरातील उत्पन्न करपात्र होते आणि परदेशातील मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते. ती लपवल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्यानुसार दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

बँकेचा नियम वेगळा का?

प्राप्तिकर दिवस मोजतो, तर ‘फेमा’ कायदा हेतूही पाहतो. नोकरीसाठी किंवा कायमचे राहण्यासाठी आलेली व्यक्ती ‘फेमा’नुसार लगेच निवासी ठरू शकते. त्यामुळे करासाठी अनिवासी असलेल्या माणसालाही बँकेत ‘एनआरई’ खाते बदलून घ्यावे लागते. त्यावरील व्याजाची करमाफीही तेव्हापासून संपते. परकीय चलनातील ‘एफसीएनआर’ ठेव मात्र मुदत संपेपर्यंत ठेवता येते.

मुलांच्या प्रवेशाचे काय?

अमेरिकेत जन्मलेले मूल बहुधा अमेरिकी नागरिक असते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून त्याच्यासाठी ‘ओसीआय’ कार्ड काढले जाते. ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेनुसार ‘नीट’ व ‘जेईई’सारख्या परीक्षांतून कार्डधारकांना अनिवासी भारतीयांच्या किंवा अतिरिक्त जागांवरच प्रवेश मिळतो. त्यापूर्वी कार्ड मिळालेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलासा दिला, नंतरच्यांना नाही. पहिलीपासून सांगलीत शिकलेले मूलही बारावीनंतर ‘बाहेरचे’ ठरते. पालकांना परत बोलावणाऱ्या देशाने हा नियम पुन्हा तपासायला हवा.

विमा कधी काढावा?

परदेशातील विम्याची वर्षे इथे धरली जात नाहीत. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो. म्हणजे मधुमेह असलेल्या पंचेचाळिशीतील माणसाने परतल्यावर विमा घेतला, तर पहिली तीन वर्षे त्या आजाराचा खर्च खिशातून करावा लागू शकतो. आई-वडिलांची पॉलिसीही घसरून पडण्याच्या फोनआधीच काढलेली बरी.

अमेरिकेतील निवृत्तिवेतन मिळते का?

त्यासाठी ४० ‘क्रेडिट’ लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षांची नोकरी हवी. जर्मनीशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, अमेरिकेशी नाही. त्यामुळे साडेनऊ वर्षांनी परतणाऱ्याने आणखी सहा महिने थांबण्याचा विचार जरूर करावा.

पुण्यात परतणे म्हणजे गावी परतणे का?

हिशेबाचा सर्वांत दुखरा भाग इथे आहे. आई-वडील सांगलीत, पण नोकरी आणि मुलांची शाळा पुण्यात. विमानाचे अठरा तास जाऊन गाडीचे चार-पाच तास येतात, हा मोठा फरक आहे; पण रात्री औषध द्यायला तरीही शेजारीच धावतात. घरून काम करण्याची मुभा लेखी आहे का, ती किती काळ आहे, हे तिकीट काढण्याआधी विचारायला हवे. आई-वडिलांनाही विचारायला हवे. अनेकांना मुलगा जवळ हवा असतो. पण त्यासाठी पुण्यातल्या अकराव्या मजल्यावर राहायला जाणे नको असते.

मग निर्णय कसा घ्यावा?

हे नियम प्राप्तिकर विभाग, रिझर्व्ह बँक, गृह मंत्रालय आणि विमा नियामक अशा चार ठिकाणी विखुरलेले आहेत. म्हणून किमान वर्षभर आधी मुलांची इयत्ता, विमा, खाती आणि उतरण्याची तारीख एकाच कागदावर मांडणे उपयोगाचे. करात वाचणाऱ्या रकमेसमोर वडिलांच्या वयाचा आकडाही लिहावा. काही घरांत २ ऑक्टोबरपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरेल. काही घरांत जूनमध्येच निघणे.